सकाळी वचन वाचतो आणि दुपारी खोटी रीडिंग लिहितो. वाचन थांबवावं का?

सातपूर_पहिली_शिफ्ट | रविवार, रात्री 9:50

सगळ्यांना जय ख्रिस्त. इथे पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

वय 36. सातपूर एमआयडीसीत एका कारखान्यात इन्स्पेक्शनला आहे, अकरा वर्षं झाली. घर श्रमिकनगरला. पहिली शिफ्ट सातला लागते म्हणून पावणेपाचला उठतो. बायको आणि लेक झोपलेल्या असतात, म्हणून स्वयंपाकघरातला छोटा दिवा लावून ओट्याशेजारी स्टुलावर बसतो. बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या पुस्तकाचे अध्याय 31, महिन्याचे दिवस 31, म्हणून ज्या तारखेला जो अध्याय येईल तो वाचायचा. ही वडिलांची पद्धत. पवित्र शास्त्रही त्यांचंच आहे, पाठीला चिकटपट्टी लावलेलं. वडील मनमाडला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. वाचलेल्या वचनाशेजारी समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात तारीख टाकायचे. काही ठिकाणी एक तारीख आहे, काही ठिकाणी दोन. दुसऱ्यांदा वाचलं असेल, एवढाच अर्थ मी लावत आलो.

आता मूळ गोष्ट. आमच्याकडे एक बुश, म्हणजे धातूची छोटी नळी, बनतो, तो गाडीच्या स्टेअरिंगच्या जोडणीत बसतो. आतला व्यास 24 एच7, म्हणजे 24.000 ते 24.021 मिलिमीटरच्या आत यायला पाहिजे. दर तासाला पाच पीस बोअर गेजवर, म्हणजे आतला व्यास मोजायच्या उपकरणावर, लावून बघायचे आणि माल जाताना रिपोर्टमध्ये वीस चौकटी भरायच्या. नियम असा. प्रत्यक्षात इन्स्पेक्टर दोघांचा एक झाला, मशीन चारची सहा झाली, आणि तीन वाजता टेम्पो दारात उभा असतो. सुपरवायझर म्हणतात, "भरून टाक रे, माल चांगलाच आहे." मी भरतो. 24.008, 24.011, 24.009, मध्येच एखादा 24.014. सगळे सारखे लिहिले तर शंका येईल म्हणून मुद्दाम वरखाली करतो. खरे वाटतील असे आकडे लिहायची हाताला सवयच लागलीय, विचारही करावा लागत नाही. याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

या 11 तारखेला सकाळी अकरावा अध्याय होता. पहिलंच वचन खोट्या तराजूबद्दल, परमेश्वराला त्याचा वीट आहे आणि खऱ्या वजनाने त्याला आनंद होतो. शेजारी वडिलांच्या दोन तारखा आहेत, मध्ये तीन महिन्यांचं अंतर. मी वाचलं, डोळे मिटून प्रार्थना केली, डबा घेतला, कामावर गेलो. आणि दुपारी तीनला वीसच्या वीस चौकटी मनाने भरल्या. सही केली. घरी येताना पपया नर्सरीच्या सिग्नलला गाडीवर उभा असताना ते वचन परत आठवलं, आणि सिग्नल सुटला तरी माझी गाडी हलेना.

तेव्हापासून दहा दिवस झाले, सकाळी शास्त्र उघडतो आणि मिटतो. चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायलाही मागच्या रविवारी पुढे गेलो नाही. बायकोला वाटलं पोट बिघडलंय.

माझा प्रश्न नोकरीचा नाही. घराचा हप्ता आहे, नोकरी लगेच सुटणार नाही. प्रश्न असा, की हात असे असताना रोज वचन वाचणं हा ढोंगीपणा होतो का? आधी हात धुऊन घ्यावेत आणि मगच शास्त्र उघडावं का? की उघडत राहावं? ज्यांनी हे भोगलंय त्यांनी कृपा करून लिहा.

---

वचनप्रेमी_सिडको | रविवार, रात्री 10:20

थांबवू नका, उलट वाढवा! पवित्र शास्त्रात एकूण 1189 अध्याय आहेत. रोज तीन-चार वाचले की वर्षात सगळं पूर्ण होतं. मी दोनदा पूर्ण केलं. शुक्रवारी उपवास धरा. वचन आत गेलं की पाप आपोआप बाहेर जातं. प्रभू तुम्हाला आशीर्वाद देवो.

---

सीएनसी_अंबड | रविवार, रात्री 11:05

मीही विश्वासी आहे आणि याच धंद्यात आहे. स्पष्ट सांगतो, सगळीकडे हेच चालतं. मशीन चांगलं असेल तर माल मापात येतोच. देव काय तुमच्या वीस चौकटी मोजत बसलाय? प्रामाणिक राहा, कोणाचं वाईट करू नका, बाकी फार मनाला लावून घेऊ नका. आजारी पडाल.

---

शरणपूरच्या_बाई | सोमवार, सकाळी 6:15

बाळा, तुझं लिहिलेलं रात्री वाचलं आणि सकाळच्या प्रार्थनेत तुझ्यासाठी बसले. मी शरणपूरची. शाळेत 31 वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे.

वाचन थांबवू नकोस. आणि वाढवूही नकोस. वर ज्यांनी रोज चार अध्याय सांगितले त्यांचा भाव चांगला आहे, पण तुझी अडचण वचन कमी पडण्याची नाही. तुला एक वचन मिळालंय आणि ते दहा दिवस तसंच पडून आहे. घरात उष्टी भांडी पडलेली असताना नवा स्वयंपाक कुठे मांडायचा? याकोबाच्या पत्रात आरशाचं उदाहरण आहे ना, तोंड बघून निघून जाणाऱ्याचं. तू तर निघून गेला नाहीस, आरशासमोरच खिळलायस. आरसा फोडायचा की नाही हे विचारतोयस. अरे, तोंड धू.

तुला आमच्या शरणपूरची एक गोष्ट सांगते. ही वसाहत 1854 ची, मिशनने बसवलेली, नावच शरण आलेल्यांचं. अरबी समुद्रात गुलामांची जहाजं पकडली जायची, त्यांतून सुटलेली आफ्रिकेची मुलं इथे आणून शिकवली, हे नाशिककरांनाही फारसं माहीत नसतं. त्यांतला एक जेकब वेनराइट. 1872 मध्ये तो आफ्रिकेत लिव्हिंग्स्टनसाहेबांच्या, म्हणजे आफ्रिका धुंडाळणाऱ्या त्या मिशनरी डॉक्टरांच्या, चाकरीत पाठवला गेला. 1 मे 1873 ला, निदान त्याच दिवसांत, साहेब चितांबो गावात वारले. चाकर मंडळींनी पहिलं काम काय केलं? सगळ्यांदेखत साहेबांच्या पेट्या उघडल्या आणि जेकबला शाई आणायला सांगून एक-एक वस्तू लिहून काढायला लावली. यादी! मालक मेलेला, आपला देश हजार कोस दूर, विचारणारं कोणी नाही. काय होतं नि काय नव्हतं, कोणाला कळलं असतं? तरी त्या मुलाने होतं तेवढंच लिहिलं. मग मंडळींनी ते शव नऊ महिने खांद्यावर वाहून समुद्रकाठी आणलं, आणि 18 एप्रिल 1874 ला लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत जेकब होता. लोक ते खांदा देणंच सांगतात. मी वर्गात मुलांना ती यादी सांगायची.

सीएनसीवाल्या दादांना एवढंच म्हणेन, की चौकटी देव मोजतो की नाही ते मला ठाऊक नाही, पण तो माणसाला मोजतो. खोटं लिहिता लिहिता हात तयार होतो हे या मुलाने स्वतःच ओळखलंय.

आता करायचं काय? मोठा धमाका करू नकोस. उद्या साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन अकरा वर्षांची कबुली देऊ नकोस. मी एकदा तशी चूक केली होती. एका बाईबद्दल मी मंडळीत वाईट बोलले होते. जिभेवरचं वचन वाचून मला राहवेना. भर दुपारी चालत कॅनडा कॉर्नरला तिच्या घरी गेले आणि पदर पसरून क्षमा मागितली. तिला बिचारीला त्यातलं काहीच ठाऊक नव्हतं. माझं मन हलकं झालं आणि तिचं जड झालं. पुढे दोन वर्षं ती मला बघून वाट बदलायची. कबुली कोणाजवळ, कधी, किती, हेही प्रार्थनेत आणि पाळकसाहेबांना विचारून ठरवायचं असतं.

उद्या एवढंच कर. जेवढे पीस हाताने मोजशील तेवढेच आकडे लिही. बारा झाले तर बारा. उरलेल्या चौकटी रिकाम्या राहू देत. कोणी विचारलं तर सांग, "मोजले नाहीत." घाबरशील, हात थरथरेल. सकाळी स्टुलावर बसतोस ना, तिथे त्याच थरथरीसाठी प्रार्थना कर. प्रार्थना असते ती त्यासाठीच.

आणि प्रभुभोजन सोडू नकोस. ते काय निर्मळांचं बक्षीस आहे? लक्ष्मीबाई टिळक आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांचे यजमान कवी रेव्हरंड टिळक, त्यांचा बाप्तिस्मा 1895 चा, लक्ष्मीबाईंचा 1900 चा. पाच वर्षं एका पावलासाठी! देवाने तेवढी वाट पाहिली. तुझे तर दहाच दिवस झालेत.

---

दिंडोरी_द्राक्षबाग | सोमवार, दुपारी 1:40

दादा, जेवायला बसलोय तेवढ्यात लिहितो. बाईंनी मोठं सांगितलंय, मी माझ्यापुरतं सांगतो.

मी तीन एकर बाग करतो. ऑक्टोबर छाटणी झाली की पुढचे साठ-सत्तर दिवस सकाळचं माझं काही खरं नसतं. दव पडलं, ढग आले की उजाडायच्या आत ओळीत जाऊन पानं उलटून बघावी लागतात. पानाखाली डावणीची पांढरी बुरशी दिसली आणि त्या दिवशी फवारा चुकला, तर घड हातचे जातात. अशा वेळी घरात बसून तासभर प्रार्थना होत नाही. पहिली काही वर्षं मला फार अपराधी वाटायचं. मग आमच्या पाळकांनी सांगितलं, ओळ धर आणि ओळीला एक माणूस. आता पहिल्या ओळीत आई, दुसरीत मोठी मुलगी, तिसरीत ज्याच्याशी बांधावरून माझं वाजलंय तो भाऊबंद. पानं उलटत उलटत त्यांची नावं घेतो. तिसरी ओळ सगळ्यात जड जाते. दोन वर्षं नाव घेतलं तेव्हा कुठे मागच्या पाडव्याला त्याच्या दारात जाऊन पाणी पिऊन आलो. बांध अजून आहे तिथेच आहे. पण आता त्याची मोटर जळाली की तो माझ्या विहिरीवरून पाणी घेतो.

प्रभूने दोन मुलांची गोष्ट सांगितलीय, मत्तयाच्या 21 व्या अध्यायात. बाप म्हणतो, आज बागेत जाऊन काम कर. एक "जातो" म्हणून गेला नाही, दुसरा "नाही" म्हणाला आणि मग गेला. आमच्याकडे मजूर सांगून येत नाहीत तेव्हा ती गोष्ट फार कळते. "येतो" म्हणणाऱ्यावर विसंबून मी औषध कालवून ठेवलेलं असतं. तुमचं पहाटेचं वाचन म्हणजे "जातो बाबा" म्हणणं आहे. ते चुकीचं नाही. पण बागेत जाणं हे बागेतच होतं.

रिपोर्टाचं म्हणाल तर आम्हीही त्यातून गेलोय. 2010 ला क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश सापडले म्हणून युरोपने आपली द्राक्षं अडवली होती. फुटीची वाढ रोखायला मारायचं औषध ते. किती घरं बसली ते या तालुक्याला विचारा. फवारणीच्या वहीत तारीख मागेपुढे लिहिणं तेव्हा कोणाला पाप वाटत नव्हतं. आता मी संध्याकाळी हात धुवायच्या आधी वही लिहितो, मुलीसमोर.

एक विचारतो, राग मानू नका. वहिनींना सांगितलंय का? पोट बिघडलंय असं त्यांना वाटू देणं हीसुद्धा एक खोटी चौकटच झाली. नोकरीवर काही आलं तर हप्ता दोघांनी भरायचाय. आधी त्यांच्याजवळ बोला.

---

नाशिकरोड_जपमाळ | सोमवार, रात्री 8:30

भाऊ, मी कॅथलिक आहे, पद्धत थोडी वेगळी. आमच्यात संत इग्नेशियस यांनी घालून दिलेली एक सवय आहे: दुपारी आणि रात्री पाच-दहा मिनिटं थांबून दिवस मागे फिरवून बघायचा. आधी देवाचे आभार, मग कुठे चुकलो ते, मग क्षमा, मग उद्यासाठी मदत. मी नर्स आहे, राउंड संपल्यावर औषधांच्या खोलीत उभ्या-उभ्याच करते. तुम्ही सकाळी वाचता ते छान, पण तुमची परीक्षा दुपारी तीनला असते. मग अडीचला थांबा. पाणी प्यायच्या निमित्ताने दोन मिनिटं. येशू नामाचा उच्चार करा आणि मग रिपोर्ट हातात घ्या. पापनिवेदन आमच्याकडे फादरांजवळ करतात, तुम्ही तुमच्या पाळकांकडे जा. एकट्याने वाहू नका.

---

सातपूर_पहिली_शिफ्ट | शनिवार, रात्री 10:15

सगळ्यांचे मनापासून आभार. बाईंचं उत्तर मी तीनदा वाचलं, एकदा बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. हो, दिंडोरीचे दादा, तिला सोमवारीच रात्री सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला वाटत होतं तू माझ्यावर नाराज आहेस." दहा दिवस ती हे मनात धरून होती. मला हे सुचलंही नव्हतं.

मंगळवारी वीस मिनिटं आधी गेलो. सेटिंग रिंगवर, म्हणजे नेमक्या मापाच्या कडीवर, गेज शून्य केला. तासाला पाच जमले नाहीत, तीन-चार जमले. अडीचला पाण्याच्या टाकीजवळ थांबलो, ताईंनी सांगितलं तसं. फक्त "प्रभू येशू" एवढंच म्हणू शकलो. वीसपैकी तेरा चौकटी भरल्या, सातांवर आडवी रेघ मारली. त्या तेरांत दोन पीस बाहेर निघाले, 24.024 आणि 24.026. सीएनसीवाले दादा, तुम्ही म्हणालात माल मापात येतोच. मीही तेच म्हणायचो. ते दोन पीस तळहातावर घेतले तेव्हा डोळ्यांना काहीच फरक दिसत नव्हता. केसापेक्षा कितीतरी बारीक गोष्ट आहे ती. ते लाल पेटीत टाकले आणि रिपोर्ट पुढे केला.

सुपरवायझर ओरडले नाहीत. नुसतं "आजच का?" विचारलं. मी म्हणालो, "साहेब, मोजलेलंच लिहीन." टेम्पो परत गेला. सेकंड शिफ्टने 300 पीस तपासून निवडले. पुढच्या आठवड्यापासून मला सेकंड शिफ्ट लागलीय आणि ओव्हरटाइमच्या यादीत नाव नाही. सेकंड शिफ्टमुळे बुधवारची प्रार्थनासभा बुडणार, त्याचं वाईट वाटतंय. पाळकसाहेब म्हणाले, सकाळी दहाला घरी येत जा, आपण दोघं बसू.

11 तारखेच्या मालाचं मन खातंय. सुपरवायझरना तोंडी सांगितलं, ते म्हणाले विषय संपला. माझ्यासाठी संपलेला नाही. तो माल गाड्यांत जाणार आहे. क्वालिटीच्या मोठ्या साहेबांना ईमेल लिहून ठेवलाय, फक्त त्या एका लॉटचा, नंबर आणि तारीख घालून. पाळकसाहेबांना दाखवला, बायकोने वाचला. सोमवारी पाठवणार. त्यासाठी प्रार्थना करा.

आणखी एक सांगायचंय. गुरुवारी आईला मनमाडला फोन केला. बोलता बोलता समासातल्या तारखांचं विचारलं. आई म्हणाली, "पहिली वाचल्याची, दुसरी केल्याची." तिला वाटत होतं मला हे ठाऊकच आहे. फोन ठेवून मी शास्त्र उघडून बसलो. खोट्या तराजूच्या वचनाशेजारी वडिलांच्या दोन तारखांत तीन महिने आहेत. वर्कशॉपात काय झालं होतं ते आईलाही माहीत नाही. पण त्यांनाही तीन महिने लागले होते.

मग एक-एक पान उलटत गेलो. बऱ्याच ठिकाणी एकच तारीख आहे. मत्तय पाच, अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला जाण्याचं वचन, तिथे एकच. 14/2/1999. वडील 2009 ला गेले. काका येवल्याजवळ गावी असतात, घराच्या भिंतीवरून दोघांचं तुटलं होतं, आणि आम्ही पोरांनीही ते तसंच पुढे चालवलं.

आज संध्याकाळी काकांचा नंबर मिळवून फोन केला. त्यांनी आवाज ओळखला नाही. नाव सांगितलं तेव्हा थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, उद्या उपासना झाली की येऊ का? म्हणाले, "उपासनेनंतर कशाला, जेवायलाच ये. पोरीला घेऊन ये."